सर्व्हर कशासाठी थांबतो?

जुलैचा शेवटचा आठवडा धाराशिव जिल्ह्यात बहुतेक वर्षी पीक विम्याच्या धावपळीचा असतो. सोयाबीनची पेरणी उरकलेली असते. कळंब, भूम, परांडा, उमरगा अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रासमोर सकाळपासून माणसे उभी असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-बारा, आठ-अ, बँकेचे पासबुक, आधार कार्डाची झेरॉक्स. दुपारी बाराच्या सुमारास आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे, थांबा." मग रांग सावलीला सरकते.

अशाच एका रांगेत वडिलांबरोबर दिवस घालवलेल्या नववीतल्या मुलीने आमच्या एका शिक्षक मित्राला वर्गात विचारले, "सर, सर्व्हर डाऊन म्हणजे तो बंद पडतो का? आणि बंद पडला असेल तर मधूनच एखाद्याचा अर्ज कसा जातो?"

मित्राने हा प्रश्न आमच्याकडे पाठवला. प्रश्न फार चांगला आहे, कारण त्यात उत्तराचा अर्धा भाग आलेलाच आहे. मधूनच एखादा अर्ज जातो, म्हणजे सर्व्हर बंद पडलेला नाही. तो काम करतो आहे, पण त्याच्या आतही एक रांग लागली आहे. सेवा केंद्रासमोरची रांग दिसते, आतली दिसत नाही, एवढाच फरक.

ही आतली रांग अनेक ठिकाणी लागू शकते. गावापासून शहरापर्यंतची तार अपुरी पडू शकते, आज्ञावली नीट लिहिलेली नसू शकते, दुसऱ्याच खात्याच्या संगणकाकडून उत्तर यायला उशीर होऊ शकतो. पण जवळजवळ अर्धे शतक सर्व्हरमधला सगळ्यांत हळू चालणारा भाग एकच होता, तो म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क. तिला वेगवान करण्यासाठी अभियंत्यांनी काय काय केले आणि शेवटी ते कुठे अडले, ही गोष्ट शाळेतल्या भौतिकशास्त्रात आणि गणितात पूर्ण बसते. म्हणून आज तीच सांगतो.

डिस्कच्या आत जाण्याआधी एका जुन्या खोलीत जाऊ. जिल्ह्याच्या किंवा तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना तिथला वास आठवत असेल. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुनी कागदपत्रे मोडीत आहेत, उर्दूत आहेत. कापडात बांधलेले रुमाल फळ्यांवर रचलेले असतात. तुम्ही एखाद्या गटाचा जुना उतारा मागितलात तर शिपाई तीन कामे करतो. आधी योग्य फळीपाशी जातो. मग रुमाल सोडून पाने उलटत हवे ते पान समोर येईपर्यंत थांबतो. शेवटी पान वाचतो किंवा नक्कल करायला देतो. यातले शेवटचे काम दोन मिनिटांचे, पण पहिल्या दोन कामांत सकाळ जाते.

याच खोलीत कधी कधी अगदी वेगळ्या तऱ्हेचे काम निघते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत निजामकालीन नोंदी तपासल्या गेल्या. तिथे एखादे पान शोधायचे नव्हते, दिसेल ते प्रत्येक पान ओळीने पाहायचे होते. अशा कामात फळीपाशी जाण्याचा वेळ नगण्य ठरतो. एक रुमाल सोडला की शेकडो पाने सलग वाचून होतात.

दोन्ही कामांना आपण 'रेकॉर्ड पाहणे' असेच म्हणतो, पण वेळेच्या हिशोबात ती अगदी निराळी आहेत. ओळीने वाचणे आणि उडत उडत शोधणे, हा भेद लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमची किंवा काचेची एक किंवा अनेक गुळगुळीत तबकड्या एका आसावर बसवलेल्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिपातळ थर असतो. माहिती या थरात एककेंद्री वर्तुळांवर लिहिलेली असते. या वर्तुळांना ट्रॅक म्हणतात. तबकडीवर एक लहानसा हात पुढेमागे फिरतो आणि त्याच्या टोकाला वाचणारे-लिहिणारे हेड असते. हे हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून ही फट किती ते समजेल.

डिस्कलाही शिपायासारखीच तीन कामे आहेत. हात योग्य ट्रॅकवर नेणे हे फळीपाशी जाणे. हवा तो भाग फिरत हेडखाली येईपर्यंत थांबणे म्हणजे पान समोर येण्याची वाट पाहणे. मग वाचणे.

यातले मधले काम मुलांकडून प्रत्यक्ष करून घेता येते. सायकल उलटी ठेवून मागचे चाक फिरवा. एका आरीला लाल चिंधी बांधा आणि चौकटीवर खडूने एक खूण करा. एक मूल पाठ करून उभे राहील आणि मनाला येईल तेव्हा "आता!" म्हणेल. त्या क्षणी चिंधी खुणेपर्यंत पोचायला फेऱ्याचा किती भाग उरला आहे हे दुसऱ्या मुलांनी अंदाजाने टिपायचे. कधी पाव फेरा निघेल, कधी पाऊण, कधी जवळजवळ पूर्ण. तीस-चाळीस नोंदींची सरासरी काढली की ती अर्ध्या फेऱ्याच्या आसपास येते. चाक जोरात फिरवा, सरासरी अर्धा फेराच राहते, पण त्या अर्ध्या फेऱ्याला लागणारा वेळ कमी होतो.

डिस्कचे हे वाट पाहणे टाळण्याचा फिरवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. घरगुती संगणकाची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद आणि अर्ध्याला सुमारे ४.१७. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हात हलवायला सरासरी साडेआठ मिलिसेकंद धरा. एकूण झाले १२.६७ मिलिसेकंद. आता वाचण्याचा वेळ पाहू. २०१० च्या सुमाराची अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट वाचे. एखाद्या खातेदाराची नोंद ८ किलोबाइटची असेल तर ती ०.०८ मिलिसेकंदात वाचून होते. म्हणजे शोधण्यात गेलेला वेळ वाचण्याच्या वेळाच्या दीडशेपटीहून जास्त. आपल्या शिपायाची सकाळ यापेक्षा बरी गेली म्हणायची.

१००० गिगाबाइटची अशी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाचायला दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. तीच डिस्क ८ किलोबाइटच्या तुकड्यांनी उडत उडत वाचली तर साडेबारा कोटी तुकडे होतील. सेकंदाला सुमारे ७९ तुकडे, तेव्हा एकूण अठरा दिवस! डिस्क तीच, माहिती तीच. जाहिरातीत डिस्कची साठवण ठळक छापतात, पण सर्व्हर चालवणाऱ्याला आधी विचारावे लागते की ही सेकंदाला अशा किती फेऱ्या मारू शकते.

हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. रॅमॅक नावाच्या त्या संगणकाच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. साठवण ५० लाख अक्षरांची. हवे ते अक्षर सापडायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पुढे फेऱ्यांचा वेग अगदी सावकाश वाढत गेला. सीगेट कंपनीने १९९२ मध्ये ७२०० फेऱ्यांची, १९९६ मध्ये १०००० फेऱ्यांची आणि २००० मध्ये १५००० फेऱ्यांची डिस्क आणली. त्या शेवटच्या डिस्कची साठवण सुमारे १८ गिगाबाइट होती. चव्वेचाळीस वर्षांत साठवण काही हजार पटींनी वाढली, फेरे मात्र साडेबारापट. साठवण वाढवायची तर चुंबकीय खुणा बारीक करत जायच्या. ते अवघड होते पण वाट मोकळी होती. फेरे वाढवायचे म्हणजे हवेशी आणि धातूशी झगडायचे.

१५००० फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला २५० फेऱ्यांना काय लागते ते पाहा. साडेतीन इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्कमधली तबकडी ९५ मिलिमीटर व्यासाची असते. ती या वेगाने फिरवली तर तिची कड ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावेल. बंद पेटीतली हवा तिच्याबरोबर घुसळली जाईल, तापेल, आणि हेड थरथरेल. हवेचा रोध ओढून न्यायला जी शक्ती लागते ती फेऱ्यांच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, तर तबकडीच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने. फेरे ७२०० वरून १५००० वर नेले की शक्ती सुमारे नऊपट लागते. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर एकेक घर पुढे नेणे आणि डिस्कचे फेरे दुप्पट करणे यांतला फरक इथे दिसतो.

नऊपट उष्णता त्या पेटीत सामावणार नव्हती. मग अभियंत्यांनी पाचव्या घाताचा आधार घेतला. तबकडीच लहान केली, ९५ ऐवजी सुमारे ६६ मिलिमीटर. ६६ भागिले ९५ यांचा पाचवा घात ०.१६ येतो. नऊ गुणिले ०.१६ म्हणजे जवळजवळ दीड. नऊपटीचे काम दीडपटीवर आले. लहान तबकडीमुळे हाताचा प्रवासही कमी झाला, हात हलका करता आला, आणि त्याचा सरासरी वेळ साडेआठवरून साडेतीन मिलिसेकंदांवर आला.

याची किंमत मोजावी लागलीच. व्यास कमी केला की क्षेत्रफळ वर्गाने कमी होते, म्हणजे तबकडी निम्म्याहूनही थोडी लहान झाली. तेवढी साठवण गेली. २०१० च्या सुमारास ७२०० फेऱ्यांची डिस्क २००० गिगाबाइटपर्यंत मिळे. १५००० फेऱ्यांची ६०० पर्यंतच मिळे, आणि तीही कितीतरी महाग. दुकानदाराला हे समजावून सांगणे कठीण होते, असे आम्ही ऐकले आहे. कमी माल आणि जास्त दाम, हे कोण घेणार? बँका घेत, शेअर बाजार घेत, तिकीट आरक्षणवाले घेत. का घेत ते पुढच्या हिशोबात दिसेल.

जाता जाता एक गंमत. या डिस्क किती नाजूक असतात हे २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने दाखवले. चालू डिस्कनी भरलेल्या कपाटासमोर तो मोठ्याने ओरडला, आणि पडद्यावर डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ त्याच क्षणी वाढलेला दिसला. आवाजाने तबकड्या आणि हात थरथरले, हेड ट्रॅकवरून किंचित ढळले आणि पुन्हा फेरा येईपर्यंत थांबावे लागले. सेवा केंद्रात ओरडून सर्व्हर वेगाने चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच!

आता हिशोब. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा ही योजना सुरू झाली (२०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली). त्या पहिल्या हंगामात राज्यातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. दीड कोटी अर्ज तीस दिवसांत, रोज बारा तास, अगदी समान आले असे धरले तर सेकंदाला सुमारे १२ अर्ज होतात. आता कल्पना करू की हे काम २०१० सालच्या फिरत्या डिस्कवर करायचे आहे. प्रत्येक अर्जासाठी खातेदाराची नोंद पाहणे, बँकेचा तपशील, आधीचा अर्ज आहे का ते तपासणे, नवा अर्ज लिहिणे अशी डिस्कची ३० कामे धरू. ३० हा आकडा आम्ही सोयीसाठी घेतला आहे, तुम्ही दुसरा घेऊन पाहा. सेकंदाला ३६० कामे झाली.

७२०० फेऱ्यांची एक डिस्क सेकंदाला ७९ कामे करते, तेव्हा पाच डिस्क ३९५ कामे करतील. ३६० हून ३९५ जास्त, म्हणजे भागले, असे वाटते. विद्यार्थीही हेच म्हणतील. पण थांबा. या पाच डिस्क शंभरातले ९१ भाग वेळ कामात गुंतलेल्या आहेत. अर्ज काही सांगून, ओळीने येत नाहीत. कधी एकदम तीस येतात, कधी क्षणभर कोणीच नाही. रिकामा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही आणि एकदम आलेली गर्दी मात्र साचते. नवरात्रात तुळजापूरच्या दर्शनरांगेत उभे राहिलेल्यांना याचे गणित सांगायला नको.

रांगांच्या शास्त्रात यासाठी एक साधे सूत्र आहे. माणसे एकमेकांशी न ठरवता येत असतील आणि कामाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर रांगेसकट लागणारा सरासरी वेळ म्हणजे एका कामाचा वेळ भागिले (१ वजा गुंतलेपणा). अर्धा वेळ गुंतलेल्याकडे दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के गुंतलेल्याकडे दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट, ९९ टक्क्यांना शंभरपट. हे फळ्यावर आलेख काढून दाखवाच. ८० टक्क्यांपर्यंत रेघ सावकाश चढते आणि मग भिंतीसारखी उभी राहते.

आपल्या पाच डिस्कना एका कामाला १२.६७ च्या अकरापटीहून अधिक, म्हणजे सुमारे १४३ मिलिसेकंद लागतील. एका अर्जाची ३० कामे एकापाठोपाठ केली तर सव्वाचार सेकंद.

आता याच जागी १५००० फेऱ्यांच्या पाच डिस्क ठेवू. अर्ध्या फेऱ्याला २ मिलिसेकंद, हाताला साडेतीन, एकूण साडेपाच. एक डिस्क सेकंदाला सुमारे १८२ कामे करील, पाच मिळून ९१०. तेवढ्याच ३६० कामांसाठी त्या फक्त ४० टक्के गुंतल्या. रांगेसकट वेळ सुमारे ९ मिलिसेकंद, आणि पूर्ण अर्ज पाव सेकंदाच्या थोडा पुढे. डिस्क सव्वादोनपट वेगवान, पण अर्जदाराचे थांबणे पंधरापटीने कमी! महाग डिस्कचे गिऱ्हाईक या पंधरापटीसाठी पैसे मोजत होते.

आणि आता शेवटचा दिवस. कोणी खत आणायला गेले होते, कोणाचा सात-बारा उशिरा मिळाला, कोणाकडे पैसे नव्हते. सगळे एकाच दिवशी आले. अर्ज जेमतेम १५ टक्क्यांनी वाढले तरी कामे ४१४ होतात आणि पाच हळू डिस्कची ताकद ३९५ ची. इथे सूत्रही थांबते, कारण आता रांग संपणारच नाही, दर सेकंदाला १९ कामांनी वाढत जाईल. वेगवान डिस्क तग धरतील, पण गर्दी अडीचपट झाली की त्याही ९९ टक्क्यांवर पोचतील. केंद्रातला मुलगा अर्धा मिनिट वाट पाहतो, काही होत नाही म्हणून बटण पुन्हा दाबतो, आणि त्याच अर्जाची ३० कामे रांगेत नव्याने भरती होतात. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सर्व्हर आपल्या पूर्ण ताकदीने काम करत असतो, ज्याचा नंबर वेळेत लागतो त्याचा अर्ज जातो, आणि बाकीच्यांना पडद्यावर गोल फिरताना दिसते.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील की सगळी माहिती संगणकाच्या स्मृतीतच का ठेवत नाहीत, ती तर डिस्कच्या हजारो पटींनी वेगवान असते. वाचण्यापुरते तसे करतातही. नेहमी लागणाऱ्या नोंदी स्मृतीत ठेवतात. पण लिहिण्याचे काय? साधी स्मृती वीज गेली की कोरी होते. समजा अर्ज फक्त स्मृतीत घेतला, शेतकऱ्याच्या हातात पावती दिली, आणि दुसऱ्या क्षणी वीज गेली. पावती आहे, अर्ज नाही. सप्टेंबरात पाऊस झोडपून गेल्यावर हा माणूस ती पावती घेऊन कोणाकडे जाणार? म्हणून चांगल्या व्यवस्थेचा नियम असा की नोंद टिकाऊ जागी लिहून झाल्याशिवाय पावती क्रमांक द्यायचा नाही. भारनियमनात वाढलेल्या आपल्या मुलांना हा नियम पटकन पटतो. पण त्यामुळे प्रत्येक पावती डिस्कच्या फेऱ्याला बांधली गेली.

यातून वाट काढायला दोन युक्त्या फार वापरल्या गेल्या. एक म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांवर काम वाटून देणे आणि प्रत्येक नोंद दोन डिस्कवर ठेवणे. १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी लिहिलेल्या निबंधानंतर ही पद्धत 'रेड' या नावाने रूढ झाली. दुसरी युक्ती आपल्या शिपायाला आधीच ठाऊक आहे. एकेका चिठ्ठीसाठी खोलीभर चालण्याऐवजी तो दहा चिठ्ठ्या हातात घेतो आणि फळ्यांच्या क्रमाने एका फेरीत सगळी कामे उरकतो. डिस्कही रांगेतली कामे अशी मनातल्या मनात लावून घेते. मात्र जवळच्या फळ्यांच्या चिठ्ठ्या येतच राहिल्या तर कोपऱ्यातल्या फळीची चिठ्ठी ताटकळते, म्हणून अमुक वेळेपेक्षा जुनी चिठ्ठी आधी घ्यायची असाही नियम घालावा लागतो.

एवढे सगळे करूनही १५००० च्या पुढे बाजारात कोणी गेले नाही. तोवर दुसरीकडे वेगळेच काही तयार होत होते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती शोधली. ती वीज गेली तरी कोरी होत नाही आणि तिच्यात काहीच फिरत नाही. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमधली साठवण हीच. तिचीच मोठी आवृत्ती म्हणजे एसएसडी. तिला नोंद शोधून वाचायला सुमारे एक दशांश मिलिसेकंद लागतो. फळीपाशी जाणे नाही, पान उलटणे नाही. सेकंदाला १८२ कामांचा अभिमान बाळगणाऱ्या डिस्कशेजारी हजारोंनी, आता तर लाखांनी कामे करणारी वस्तू येऊन बसली. तिलाही खोडी आहेत. लिहिलेले बदलायचे तर आधी मोठा भाग पुसावा लागतो, आणि पुसण्या-लिहिण्याला मर्यादा असते. पण किमती उतरत गेल्या तशी वेगवान फिरती डिस्क मागे पडली, आणि उत्पादकांनी १५००० फेऱ्यांच्या नव्या डिस्क काढणे थांबवले. ७२०० फेऱ्यांची डिस्क मात्र टिकली. तिच्या पेटीत हवेऐवजी हेलियम भरतात. तो हलका असल्याने रोध कमी होतो आणि जास्त तबकड्या बसतात. अशा डिस्कची साठवण २०२४ मध्ये ३० हजार गिगाबाइटवर गेली. ओळीने वाचायच्या गोष्टी, म्हणजे चित्रफिती, जुन्या नोंदींच्या प्रती, तिच्यावर ठेवतात. उडत उडत शोधायचे ते एसएसडीवर. रेकॉर्ड रूममधली दोन कामे अखेर दोन यंत्रांत वाटली गेली.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षाला याचा एक सरळ उपयोग आहे. सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेणारा जुना संगणक बहुतेक वेळा विचार करण्यात हळू नसतो. सुरू होताना तो हजारो लहान फायली उडत उडत वाचतो आणि त्याची डिस्क त्यात दमते. नवा संगणक घेण्याआधी आतली फिरती डिस्क काढून लहान एसएसडी बसवून पाहा. खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत फारच थोडा येतो.

आणि काढलेली डिस्क फेकू नका. तिच्यातल्या फायली आधी पुसून घ्या आणि मुलांसमोर ती उघडा. बहुधा ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात, त्यांना तसाच पेचकस लागतो. वेष्टनावर फेरे छापलेले असले तर टिपून घ्या आणि अर्ध्या फेऱ्याचा वेळ काढायला सांगा. हाताच्या मुळाशी असलेले दोन चुंबक फार जोरदार असतात, बोट मध्ये सापडू देऊ नका. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते, ती वाकवली तर तिच्या बारीक ठिकऱ्या उडतात. दुरुस्तीच्या दुकानातल्या भंगारात जुन्या सर्व्हरची १५००० फेऱ्यांची साडेतीन इंची डिस्क मिळाली तर अवश्य आणा. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात. दोन्हींतली एकेक तबकडी काढून एकीवर एक ठेवा, पट्टीने व्यास मोजा, आणि मुलांना विचारा की महाग पेटीत लहान तबकडी का.